पत्रा कापताना उडणारं पांढरं पीठ

मे महिन्याच्या शेवटी गावी गेलो तेव्हा शेजारच्यांच्या गोठ्याचं छप्पर बदलायचं काम चाललं होतं. वळवाचा एक दणका येऊन गेला होता, त्यामुळे घाई. लोखंडी अँगल आधीच चढवलेले, अंगणात सिमेंटचे चौदा पत्रे रचलेले आणि मिस्त्री उकिडवा बसून ग्राइंडरने एकेक पत्रा मापात कापत होता. चाक पत्र्याला लागलं की कर्कश आवाज आणि पांढऱ्या भुकटीचा फवारा. गिरणीत दळण चालू असताना सगळ्यावर पीठ बसतं तसं ते त्याच्या भुवयांवर, कानाच्या पाळ्यांवर, मिशीवर बसलं होतं. मी जवळ गेलो तर मशीन बंद करून म्हणाला, "काका, जरा लांब व्हा, डोळ्यात जाईल."

डोळ्यात गेलेलं पाण्याने धुता येतं. छातीत गेलेल्याचं काय होतं, ते सांगायला मला जरा जास्त वेळ लागणार आहे.

"सिमेंटचा पत्रा" हे नाव खोटं नाही, पण अर्धवट आहे. त्यात बहुतांश सिमेंटच असतं. पण नुसत्या सिमेंटचा एवढा पातळ तक्ता केला तर तो उचलतानाच मोडेल. भिंत लिंपायच्या मातीत आपले लोक तूस किंवा काड कालवायचे, तसं या सिमेंटमध्ये काहीतरी धाग्यासारखं कालवावं लागतं. साधारण दहावा हिस्सा असलेला तो धागा म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस. ही युक्ती ऑस्ट्रियातल्या लुडविग हात्शेक नावाच्या कारखानदाराने 1900 च्या सुमारास काढली आणि पुढच्या शंभर वर्षांत निम्म्या जगाच्या डोक्यावर हे छप्पर आलं.

अ‍ॅस्बेस्टॉस हा खाणीतून निघणारा दगड. पण हा दगड पिंजता येतो, कापसासारखा. त्याचे तंतू निघतात, त्यांची दोरी वळता येते, कापड विणता येतं आणि ते कापड आगीत धरलं तरी जळत नाही. कुजत नाही, शिवाय स्वस्त. त्यामुळे बॉयलरच्या वेष्टणात, आगबोटींच्या इंजिनघरात, गाड्यांच्या ब्रेक लायनरमध्ये, पाणीपुरवठ्याच्या एसी पाइपांत (तो "एसी" म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंट, थंड हवेशी त्याचा संबंध नाही) सगळीकडे तो गेला. आमच्या पिढीने तर तो शाळेतच हाताळला. प्रयोगशाळेत स्पिरिटचा दिवा, त्यावर तिपाई, तिपाईवर तारेची जाळी आणि जाळीच्या मधोमध तो पांढरा गोल. चंचुपात्र त्यावर ठेवायचं. सर पाठमोरे झाले की आम्ही तो गोल नखाने खरवडायचो. मऊ निघायचा, पापुद्र्यासारखा. आता त्या जागी सिरॅमिक असतं.

याच्या अनेक जाती आहेत, त्यातल्या तीन व्यापारात चालल्या: निळा, तपकिरी आणि पांढरा. आज जगात विकला जातो तो जवळपास सगळा पांढरा, क्रायसोटाइल. त्याच्यावरून मोठं भांडण आहे, त्याच्याकडे येतोच.

आता छातीत काय होतं ते पाहू. साधी धूळ नाकात, घशात अडकते, खोकल्यावाटे बाहेर पडते. अ‍ॅस्बेस्टॉसचा तंतू मात्र तुटताना आडवा तुटण्याऐवजी उभा चिरत जातो, बांबूची काठी चिरत जावी तसा. दर वेळी आणखी बारीक. शेवटी तो माणसाच्या केसाच्या शेकडो पट बारीक होतो, डोळ्यांना दिसत नाही, हवेत तासन् तास तरंगतो. श्वासाबरोबर आत गेला की हवेच्या झोताला समांतर होऊन सरळ फुफ्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोचतो. मिस्त्रीच्या मिशीवर दिसत होती ती जाड भुकटी. खरी भीती तिच्यासोबत उडालेल्या, न दिसणाऱ्या तंतूंची.

फुफ्फुसाच्या त्या टोकाला शरीराच्या सफाई कामगार पेशी असतात. बाहेरून आलेला कण दिसला की त्या त्याला गिळतात आणि पचवतात. पण काही तंतू या पेशीपेक्षाही लांब असतात. पेशी त्याला गिळायला जाते, अर्धा आत, अर्धा बाहेर. तोंडात न मावणारा घास. ती पेशी तिथेच अडकते, चिडते आणि पचवण्यासाठी राखून ठेवलेली दाहक रसायनं आसपास सांडते, मग मरते. तंतू जिथल्या तिथे. मग दुसरी पेशी येते. हे दिवसचे दिवस नव्हे, दशकानुदशकं चालतं. कुठे कुठे शरीर हार मानून तंतूवर लोहयुक्त प्रथिनांचा लेप चढवतं. सूक्ष्मदर्शकाखाली हे लेप चढलेले तंतू डंबेलसारखे दिसतात आणि ते सापडले की या माणसाने कधीतरी अ‍ॅस्बेस्टॉस हुंगला आहे, याचा तो पुरावाच.

काही तंतू तिथे थांबत नाहीत. माळावरून चालून आल्यावर सॉक्समध्ये शिरलेलं कुसळ आठवा. पाऊल हललं की ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. श्वासागणिक हलणाऱ्या फुफ्फुसात तंतूंचंही काहीसं तसंच होतं. ते बाहेरच्या कडेकडे सरकत फुफ्फुसाच्या आवरणापर्यंत जातात. हे आवरण दुपदरी असतं, एक पदर फुफ्फुसाला चिकटलेला, दुसरा बरगड्यांना आतून, आणि मध्ये जेमतेम ओलावा राहील एवढं पाणी, म्हणजे दोन्ही पदर एकमेकांवर सहज घसरतात. या पदरावरच्या पेशींच्या थराला मेसोथेलियम म्हणतात. तिथे तंतू जाऊन रुतले की तीच जळजळ तिथे सुरू होते. पेशी मरतात, नव्या तयार होतात, पुन्हा मरतात. पेशी दुभंगताना तंतू गुणसूत्रांत अडथळा आणू शकतो. बिघाड साठत जातात, पेशींना आवर घालणारी जनुकं एकेक करून निकामी होतात, आणि कधीतरी त्यातली एक पेशी कुणाचं ऐकेनाशी होते. तिच्यापासून होणारा कर्करोग म्हणजे मेसोथेलिओमा. बहुतेकदा तो छातीत होतो, कमी वेळा पोटाच्या आवरणात.

अ‍ॅस्बेस्टॉसने एवढंच होतं असं नाही. फुफ्फुसं वण पडून कडक होतात, तो अ‍ॅस्बेस्टॉसिस. फुफ्फुसाचा, स्वरयंत्राचा आणि बायकांत अंडाशयाचा कर्करोगही त्याने होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचं ठाम मत आहे. पण मेसोथेलिओमा वेगळा अशासाठी की एरवी तो अतिशय दुर्मीळ आहे. एखाद्या गावात तो चार जणांना झाला तर अ‍ॅस्बेस्टॉस कुठून आला, हे शोधायला निघावं, इतकी त्या दोघांची सांगड घट्ट आहे.

ही सांगड सापडली त्याची हकिगत आपल्याकडच्या डॉक्टरांनी वाचावी अशी आहे, कारण तिची सुरुवात टीबीच्या दवाखान्यात होते. दक्षिण आफ्रिकेत किंबर्ली नावाचं हिऱ्यांच्या खाणींचं शहर आहे. तिथे छातीत पाणी झालेल्या रुग्णांना टीबी समजून औषधं देत असत. तिथल्या स्लेग्ज नावाच्या डॉक्टरांना एक विचित्र गोष्ट दिसली: काही रुग्ण औषधांनी बरे होतात, पण शहराच्या पश्चिमेकडून येणारे काही होतच नाहीत. पश्चिमेला होत्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या टेकड्या, निळ्या जातीच्या. वॅग्नर या विकृतिशास्त्रज्ञाने गाठी तपासल्या आणि 1960 मध्ये त्या दोघांनी मार्चंड यांच्यासह मेसोथेलिओमाच्या 33 रुग्णांची माहिती छापली. 22 पुरुष, 11 बायका, वयं 31 ते 68. एक सोडून बाकी सगळ्यांचा निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसशी कधी ना कधी संबंध आलेला असण्याची शक्यता होती. यातले सगळे काही खाणकामगार नव्हते. काहींचं बालपण फक्त त्या टेकड्यांच्या परिसरात गेलं होतं.

पाच वर्षांनी लंडनमध्ये न्यूहाउस आणि थॉम्पसन या संशोधकांनी मेसोथेलिओमाच्या 76 रुग्णांची जुनी माहिती खणून काढली. निम्म्याहून थोड्या जास्त लोकांनी एक तर अ‍ॅस्बेस्टॉसचं काम केलं होतं किंवा तसं काम करणाऱ्या माणसाच्या घरात ते राहिले होते. म्हणजे नवऱ्याचे कामाचे कपडे झटकून धुणाऱ्या बायका. उरलेल्यांतले बरेच जण कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहणारे निघाले.

आणि या सगळ्यांत एक समान धागा होता, तो काळाचा. तंतू आत गेल्यापासून मेसोथेलिओमा दिसेपर्यंत साधारण 30 ते 40 वर्षं जातात, कधी 50 सुद्धा. हा आजार नीट समजायचा तर बाकी काही विसरलं तरी चालेल, हा आकडा विसरून चालणार नाही. विशीतल्या पोराने कापलेल्या पत्र्याचा हिशेब साठीत होतो. तोवर तो ठेकेदार नसतो, कारखान्याचं नाव तीनदा बदललेलं असतं, आणि "मी आयुष्यभर हे काम केलं, मला काही झालं नाही" असं म्हणणारे अर्धे लोक अजून त्या मधल्या काळातच असतात. ब्रिटनकडे पाहा. तिथे अ‍ॅस्बेस्टॉसचा सर्वांत जास्त वापर झाला 1960 आणि 70 च्या दशकांत. निळा आणि तपकिरी 1985 मध्ये बंद, पांढरा 1999 मध्ये. आणि मेसोथेलिओमाचे सर्वाधिक मृत्यू? 2010 नंतरच्या दशकात, वर्षाला अडीच हजारांच्या आसपास. नळ बंद केल्यावर बादली भरायची थांबते. इथे नळ बंद केल्यावरही बादली अनेक वर्षं भरतच राहिली.

भारतात नळ बंद केलेलाच नाही. खाणी आपण जवळपास बंद केल्या (झारखंडात चाईबासाजवळच्या रोरो टेकड्यांवरची खाण 1983 मध्ये सोडून दिली, त्याच्या टाकाऊ मालाचे ढीग पुढे कित्येक वर्षं तसेच उघडे पडून राहिले), पण बाहेरून आणतो, मुख्यतः रशिया, कझाकस्तान, ब्राझीलकडून. आज जगातला सर्वांत मोठा आयातदार भारत आहे. यातला बहुतेक माल छपराच्या पत्र्यांत जातो. आणि आपला वापर जोरात वाढला तो 1990 नंतर. त्यात 35 मिळवा. उत्तर ज्याचं त्याने काढावं.

तरी आपल्याकडे मेसोथेलिओमाची नोंद फार थोडी दिसते आणि त्याचा दाखला देऊन "इथे त्रासच नाही" असं म्हटलं जातं. मला हे पटत नाही. नोंद होण्यासाठी आधी निदान व्हावं लागतं. आपल्याकडे साठीचा माणूस धाप लागते म्हणून जातो, एक्स-रेमध्ये एका बाजूला पाणी दिसतं. या देशात छातीत पाणी म्हटलं की पहिला संशय टीबीचा, आणि बऱ्याचदा तो बरोबरही असतो. पाणी काढलं की बरं वाटतं, औषधं सुरू होतात, महिन्याभरात पाणी परत भरतं. छातीत खोलवर बोथट दुखत राहतं, वजन उतरतं. किंबर्लीतच उभे आहोत आपण. इथे डॉक्टरला उपयोगी पडेल असा एकच प्रश्न असतो आणि तो औषधाच्या चिठ्ठीवर मावत नाही: "बाबा, तरुणपणी काय काम करत होतात?"

पक्कं निदान नुसत्या पाण्याच्या तपासणीतून बहुधा होत नाही. सीटी स्कॅन, मग दुर्बिणीने आवरणाचा तुकडा काढून त्यावर विशेष रंजकांच्या चाचण्या. उपचारांबद्दल गोड बोलण्यात अर्थ नाही. हा कर्करोग गाठीसारखा एका जागी न वाढता सालीसारखा फुफ्फुसाभोवती पसरतो, त्यामुळे मुळासकट काढणं जवळपास अशक्य. सिस्प्लॅटिन आणि पेमेट्रेक्सेड ही केमोथेरपीची जोडी 2004 पासून वापरात आहे. 2020 मध्ये निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब या इम्युनोथेरपीच्या (शरीराची प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या औषधांच्या) जोडीला अमेरिकेत मान्यता मिळाली. ज्या चाचणीवरून ती मिळाली तिच्यात केमो घेणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान 14 महिने होतं, नव्या औषधांवर 18. चार महिने. ज्याच्या घरात हा आजार आहे त्याला ते चार महिने कमी वाटणार नाहीत, पण त्यांची किंमत आपल्याकडच्या पत्रा मिस्त्रीच्या आवाक्यातली नाही.

आता ते पांढऱ्याचं भांडण. उद्योगाचं म्हणणं असं की निळा आणि तपकिरी वाईट, पांढरा सुरक्षित. यातला पहिला भाग खरा आहे. पांढऱ्याचे तंतू वळलेले असतात, फुफ्फुसात लवकर विरघळतात. 2000 मध्ये हॉजसन आणि डार्नटन या संशोधकांनी मांडलेल्या अंदाजानुसार मेसोथेलिओमा करण्याची ताकद पांढरा, तपकिरी, निळा यांच्यात साधारण 1, 100, 500 अशी आहे. पण नागापेक्षा मण्यार जास्त विषारी म्हणून कुणी नाग उशाला घेऊन झोपत नाही. पांढराही कर्करोग करतो, याबद्दल कर्करोग संशोधन संस्थेला शंका नाही. आणि "नियंत्रित वापर" नावाची जी गोष्ट सांगतात ती कारखान्याच्या फाटकापर्यंत ठीक. आत हवेतले तंतू मोजता येतील, ओल्या पद्धतीने काम करता येईल. फाटकाबाहेर आल्यावर तो पत्रा माझ्या शेजारच्यांच्या अंगणात येतो आणि ग्राइंडरखाली जातो. तिथे कोण नियंत्रण करणार? वर्षानुवर्षं आपल्याला हा माल विकणाऱ्या कॅनडाने शेवटी 2018 मध्ये स्वतःकडे बंदी घातली आणि 2020 मध्ये क्विबेकमधल्या "अ‍ॅस्बेस्टॉस" नावाच्या खाणगावाने आपलं नावच बदलून टाकलं.

विडी-सिगारेटचा प्रश्न नेहमी येतो. मेसोथेलिओमाचा धूम्रपानाशी संबंध नाही. फुफ्फुसाच्या कर्करोगाचा मात्र आहे आणि तिथे अ‍ॅस्बेस्टॉस आणि तंबाखूचा धूर एकमेकांना फूस देतात. 1979 च्या एका प्रसिद्ध अमेरिकी अभ्यासात नुसत्या अ‍ॅस्बेस्टॉसने धोका सुमारे 5 पट, नुसत्या धूम्रपानाने 11 पट आणि दोन्ही एकत्र असताना 50 पटींवर गेलेला दिसला. पुढच्या अभ्यासांत आकडे खालीवर झाले, पण पत्र्याचं काम करणाऱ्याने विडी सोडण्यात मोठा फायदा आहे, हे कायम राहिलं.

मग ज्यांच्या डोक्यावर आज हा पत्रा आहे त्यांनी काय करायचं? घाबरून उद्या तो उतरवायला घेऊ नये, हे पहिलं. अखंड पत्र्यात तंतू सिमेंटमध्ये जखडलेले असतात. त्याखाली राहणं आणि तो कापणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तंतू सुटतात ते कापताना, भोक पाडताना, फोडताना, तारेच्या ब्रशने शेवाळ घासताना आणि पत्रा ऊन-पावसाने जीर्ण होऊन भुसभुशीत झाला की. शेवाळ खरवडू नये. रंगाचा थर देऊन पत्रा बंद करता येतो. काढायची वेळ आलीच तर पाणी मारून, हूक सोडवून, अख्खा खाली उतरवावा, वरून फेकू नये. पडलेली भुकटी केरसुणीने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी आणि फडकं प्लास्टिकमध्ये बांधून टाकावं. तोंडाला रुमाल बांधणं म्हणजे माशांसाठी लावलेल्या जाळीने धूर अडवणं. साधा एन-95 मास्कही या कामाला अमेरिकेत चालत नाही, बदलत्या फिल्टरचा मास्क लागतो. आणि फुटके तुकडे परसात भर म्हणून, पायवाटेला किंवा चुलीच्या आडोशाला वापरू नयेत. इटलीतल्या कासाले मोन्फेर्रातो गावात पत्र्यांच्या कारखान्याची टाकाऊ भुकटी लोकांनी अंगणात, माळ्यावर पसरली. कारखाना 1986 मध्ये बंद पडला, आणि त्याची पायरीही न चढलेली माणसं त्यानंतर कित्येक वर्षं मेसोथेलिओमाने मरत राहिली.

नवं छप्पर घालायचं असेल तर अ‍ॅस्बेस्टॉस नसलेले फायबर सिमेंटचे पत्रे मिळतात, कलर कोटेड लोखंडी पत्रा तर आता तालुक्याच्या गावीही मिळतो. उन्हाळ्यात तो तापतो आणि पावसात बोलू देत नाही, हे कबूल.

ज्यांनी अशा कारखान्यांत, बॉयलरवर, जहाज तोडण्याच्या कामावर, ब्रेक लायनरच्या खात्यात वर्षं काढली आहेत त्यांच्या घरच्यांसाठी आणखी एक. सर्वोच्च न्यायालयाने 27 जानेवारी 1995 च्या निकालात अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांना प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून 40 वर्षं किंवा नोकरी सुटल्यापासून 15 वर्षं, यातलं जे नंतर येईल तोपर्यंत जपायला सांगितलं आहे. नुकसानभरपाईच्या वेळी अडतं ते इथेच: हा माणूस तिथे होता, याचा कागद. जुनं ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, पीएफचा नंबर, हजेरीचं कार्ड, जे असेल ते ट्रंकेतून काढून एका पिशवीत ठेवा. रद्दीत गेलेला कागद 35 वर्षांनी कुणी परत आणून देत नाही.

मिस्त्रीला मी यातलं थोडं सांगितलं, चहाच्या वेळी. सगळं सांगायचा धीर झाला नाही. किती वर्षं हे काम करताय, विचारलं तर म्हणाला, "बावीस. दहावीला गचकलो तेव्हापासून." मग म्हणाला, पाणी मारून ग्राइंडर चालवला तर शॉक बसेल. ते खरंच होतं, मी करवतीबद्दल म्हणत होतो. "करवतीने अर्धा दिवस जास्त जातो. ती हजेरी कोण देणार?"

यावर माझ्याकडे शास्त्रीय उत्तर नव्हतं. शेजारचे काका ओट्यावर बसून ऐकत होते, त्यांनी थोडा वेळ घेतला आणि देतो म्हणाले. आठ पत्रे आधीच कापून झाले होते. उरलेले सहा त्याने बादलीतलं पाणी शिंपडत करवतीने कापले, आणि भुकटी अंगणात न उडता चिखल होऊन करवतीखाली साचली. संध्याकाळी कामावरून निघताना त्याने शर्ट काढला आणि सवयीने आमच्या कुंपणावर दोनदा झटकला.